नकाशावर न पोहोचलेल्या नोंदी

नवी पेठ हे नाव महाराष्ट्रात एकट्या सोलापूरचे नाही. पुण्यात नवी पेठ आहे, जळगावातही आहे. पत्त्याच्या रकान्यात नुसते ‘नवी पेठ’ लिहिलेली यादी नकाशाच्या सॉफ्टवेअरला दिली आणि शहर, जिल्हा, पिनकोड हे रकाने रिकामे सोडले, तर सोलापुरातल्या कापडदुकानाचा ठिपका पुण्यात उमटू शकतो. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. पुष्कळदा काम तिथपर्यंत जातच नाही. यादी आत घेताना मध्येच ‘डेटाबेस उघडता आला नाही’ अशा अर्थाची चौकट पडद्यावर येते, काम थांबते, आणि मग सॉफ्टवेअर पुन्हा टाका, कॉम्प्युटर बंद करून चालू करा, दुसऱ्याच्या लॉगिनने करून बघा असे प्रयोग सुरू होतात.

सोलापूरची नवी पेठ ही दाट बाजारपेठ. एकाच मिळकतीत खाली दुकान, वर गाळे, त्याच्या वर राहते घर. घरपट्टीची नोंद एका खात्यात, नळजोडाची दुसऱ्या, दुकानाच्या परवान्याची तिसऱ्या आणि विजेची महावितरणकडे. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या ९,५१,५५८ होती. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीसाठी निवडलेल्या पहिल्या वीस शहरांत सोलापूर आले. एवढ्या शहराच्या याद्या नकाशाशी जोडणे हे आता हौसेचे काम राहिलेले नाही. महापालिकेचा कर्मचारी, खासगी मोजणीदार, नगररचनेचा विद्यार्थी, माल पोहोचवणारा वितरक या सगळ्यांना ते करावे लागते. म्हणून हा प्रश्न एकदा मुळापासून पाहण्याजोगा आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, नकाशाचे सॉफ्टवेअर डेटाबेसची फाइल बहुधा थेट वाचत नाही. क्यूजीआयएस असो, आर्कजीआयएस असो की मायक्रोसॉफ्टने २०१४ च्या अखेरीस बंद केलेले मॅपपॉइंट असो, ते मधल्या ड्रायव्हरला विचारते. ड्रायव्हर फाइल किंवा सर्व्हर शोधतो, सर्व्हर नाव आणि पासवर्ड विचारतो, मग त्या नावाला काय करण्याची मुभा आहे ते तपासतो, आणि त्यानंतर कुठे प्रत्यक्ष नोंदी हलतात. यातल्या कोणत्या टप्प्यावर अडले ते एररच्या मजकुरात जवळजवळ नेहमी लिहिलेले असते. लांबलचक इंग्रजी मजकूर पाहून आपण चौकट बंद करतो, आणि तिथेच अर्धा दिवस जातो. मजकूर जसाच्या तसा उतरवून ठेवावा, फोटो काढावा. शेवटच्या ओळीइतकीच पहिली ओळही महत्त्वाची असते.

सर्वांत जुने दुखणे ॲक्सेसच्या फाइलींचे. नव्वदच्या दशकात आणि २००० नंतरही अनेक कार्यालयांनी आपल्या याद्या .एमडीबी फाइलींत ठेवल्या. आर्कजीआयएसचा ‘पर्सनल जिओडेटाबेस’ हाही आतून तोच. त्या उघडणारे जेट ४.० इंजिन फक्त ३२ बिटचे आहे. २०१९ पासून ऑफिस साधारणपणे ६४ बिटचेच बसते, नवी नकाशा-सॉफ्टवेअरेही ६४ बिटची आहेत. ६४ बिटचा प्रोग्राम ३२ बिटचा ड्रायव्हर वापरू शकत नाही, मग ‘प्रोव्हायडर इज नॉट रजिस्टर्ड’ असा एरर येतो. फाइल शाबूत असते, पासवर्ड बरोबर असतो, तरीही. त्यात विंडोजने गोंधळ वाढवून ठेवला आहे. ओडीबीसीची जोडणी तयार करणारे दोन प्रोग्राम एकाच नावाचे आहेत, आणि ‘सिस्टीम ३२’ या फोल्डरमधला ६४ बिटचा, तर ‘सिसवॉव ६४’ मधला ३२ बिटचा आहे. जोडणी एकीकडे केली आणि सॉफ्टवेअर दुसरीकडे शोधत बसले, असे रोज घडते. ॲक्सेसचे वेगळे मिळणारे इंजिन बसवता येते, पण कॉम्प्युटरवर आधीच दुसऱ्या बिटचे ऑफिस असेल तर ते बसायला नकार देते.

माझे मत स्पष्ट आहे. अशा फाइलींसाठी ड्रायव्हरच्या मागे धावू नये. एखाद्या जुन्या मशीनवर त्या एकदा उघडाव्यात, सगळी टेबले बाहेर काढावीत आणि .एमडीबी कायमची कपाटात ठेवावी. आर्कजीआयएस प्रो पर्सनल जिओडेटाबेस वाचतच नाही, आणि तो वाचणाऱ्या जुन्या आर्कमॅपचा आधार त्याच कंपनीने, म्हणजे एस्रीने, मार्च २०२६ पर्यंतच जाहीर केला होता. शिवाय ॲक्सेसच्या फाइलीला २ जीबीची मर्यादा आहे. ती गाठली की ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ असे भलतेच काहीतरी सांगणारा एरर येतो, आणि माणूस आपल्या क्वेरीतली चूक शोधत राहतो.

फाइल दुसऱ्याने उघडलेली असणे हे त्यापेक्षा साधे कारण. ॲक्सेस आपल्या शेजारी .एलडीबी किंवा .एलएसीसीडीबी नावाची छोटी कुलूप-फाइल तयार करते. सगळ्यांनी बंद केल्यावरही ती उरली असेल तर कुठेतरी एखादा प्रोग्राम मागे चालू आहे किंवा मशीन मध्येच बंद पडले होते. एक्सेलमध्ये उघडी ठेवलेली फाइलही अशीच अडवते. जिओपॅकेज ही २०१४ पासून मान्य झालेली मानक रचना मला शेपफाइलपेक्षा कितीतरी बरी वाटते. पण ती आतून एसक्यूलाइट आहे, आणि ऑफिसच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवून चारजण एकाच वेळी लिहायला लागले की ‘डेटाबेस इज लॉक्ड’ येणारच. चारजणांना लिहायचे असेल तर सर्व्हर लागतो.

सर्व्हर म्हणजे आपल्याकडे बहुधा पोस्टग्रेस आणि त्यावर २००१ पासून उपलब्ध असलेले पोस्टजीआयएस. विनाशुल्क, मजबूत, आणि क्यूजीआयएसशी उत्तम जमणारे. इथल्या एररांची भाषा नेमकी असते. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे मशीन सापडले, पण त्या पोर्टवर ऐकणारे कोणी नाही. सर्व्हर बंद आहे, पोर्ट ५४३२ ऐवजी वेगळा आहे, किंवा सर्व्हर फक्त स्वतःच्याच मशीनचे ऐकतो आहे. नवा पोस्टग्रेस मुळात तसाच बसतो, बाहेरच्यांचे ऐकण्यासाठी त्याची ‘लिसन ॲड्रेसेस’ ही सेटिंग बदलून तो पुन्हा सुरू करावा लागतो. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे उत्तरच आले नाही. पत्ता चुकला किंवा मधल्या फायरवॉलने गिळले. ‘नो पीजी एचबीए एंट्री’ असे आले तर सर्व्हरपर्यंत आपण पोहोचलो आहोत, पण आपल्या मशीनचा पत्ता त्याच्या परवानगीच्या यादीत नाही. ती ओळ घातल्यावर सर्व्हर बंद करायची गरज नसते, यादी पुन्हा वाचायला लावली की पुरते. या तिन्ही प्रसंगी क्यूजीआयएस काढून पुन्हा टाकण्याने काहीही साधत नाही.

आवृत्त्यांच्या बदलातून आलेले दोन एरर गेल्या काही वर्षांत फार छळतात. पोस्टग्रेस १४ पासून, म्हणजे २०२१ पासून, पासवर्ड स्क्रॅम या नव्या पद्धतीने साठवला जातो. जुन्या सॉफ्टवेअरचा ड्रायव्हर ती पद्धत ओळखत नाही आणि ‘ऑथेंटिकेशन मेथड १० नॉट सपोर्टेड’ म्हणतो. पासवर्ड बदलत बसू नये, ड्रायव्हर नवा घ्यावा. दुसरा बदल २०२२ च्या पोस्टग्रेस १५ मधला. त्याआधी कोणताही वापरकर्ता ‘पब्लिक’ या स्कीमेत, म्हणजे टेबलांच्या सामायिक कप्प्यात, टेबल तयार करू शकत असे. आता तो अधिकार मुळात नसतो. वर्षानुवर्षे चाललेली इम्पोर्टची कृती नव्या सर्व्हरवर ‘परमिशन डिनाइड फॉर स्कीमा पब्लिक’ म्हणून थांबते, कारण नियम बदलला आहे.

परवानगीच्या प्रश्नावर मला जास्त बोलायचे आहे, कारण इथे सोय म्हणून केलेली गोष्ट पुढे सगळ्यांना महागात पडते. एरर आला की ‘पोस्टग्रेस’ या सर्वाधिकारी नावाचा पासवर्ड सांगून टाकायचा, ही सवय. त्या नावाने इम्पोर्ट लगेच होतो. पण तयार झालेल्या टेबलाची मालकीही त्याच नावाकडे जाते. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या लॉगिनने दुरुस्ती करू गेलेल्या मुलीला ‘परमिशन डिनाइड फॉर टेबल’ येते, मग तिलाही तोच पासवर्ड दिला जातो. काही महिन्यांत अख्खे कार्यालय सर्वाधिकारी होऊन बसते आणि कोणी कोणती नोंद पुसली हे शोधायला जागा उरत नाही. क्यूजीआयएसच्या जोडणीत पासवर्ड थेट भरला आणि प्रोजेक्टसोबत जपला, तर तो फाइलमध्ये साध्या अक्षरांत वाचता येतो. ती फाइल पेन ड्राइव्हवरून बाहेर गेली की पासवर्डही गेला. या याद्यांत माणसांची नावे, घरे, थकबाकी असते. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यानंतर ही बेफिकिरी कोणालाच परवडणारी नाही. आणि कायदा नसता तरी शेजाऱ्याची थकबाकी पेन ड्राइव्हवर फिरावी हे योग्य नव्हतेच.

तीन वेगळी नावे पुरतात: टेबलांचा मालक, माहिती भरणारा, नुसती वाचणारा. इम्पोर्टसाठी वेगळी स्कीमा करावी आणि भरणाऱ्याला तिथे टेबल तयार करण्याचा अधिकार द्यावा. एवढे करूनही दोन खाचखळगे राहतात. टेबलात भर घालण्याचा अधिकार दिला, पण अनुक्रमांक पुरवणाऱ्या सिक्वेन्सचा द्यायचा राहिला, तर जुन्या नोंदी दिसतात आणि नवी भरली की नकार येतो. दुसरे म्हणजे, पुढे तयार होणाऱ्या टेबलांसाठी ठरवून ठेवलेले अधिकार ज्या नावासाठी ठरवले त्याच नावाने केलेल्या टेबलांना लागू होतात. मालक वेगळा आणि इम्पोर्ट करणारा वेगळा असेल तर ते लागू होत नाहीत, आणि ‘काल तर दिले होते अधिकार’ म्हणून लोक बुचकळ्यात पडतात.

सर्व्हरने आत घेतले, मुभाही मिळाली, तरी ‘टाइप जॉमेट्री डझ नॉट एक्झिस्ट’ असे येऊ शकते. पोस्टजीआयएस कॉम्प्युटरवर बसवणे वेगळे आणि त्या विशिष्ट डेटाबेसमध्ये ते चालू करणे वेगळे. दुसरे राहून गेले की हा एरर येतो. एका ओळीच्या आज्ञेचे काम आहे.

इथून पुढचे बरेचसे प्रश्न मराठी माहितीचे खास आहेत, आणि परदेशी मार्गदर्शक पुस्तकांत ते सहसा सापडत नाहीत.

शेपफाइलचे उदाहरण घ्या. तिच्यातली माहिती डीबीएफमध्ये असते आणि रकान्याच्या नावाला तिथे दहा बाइट मिळतात. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे. म्हणजे रकान्याच्या नावात तीन चिन्हे मावतात. ‘मालमत्ता’ या नावाचे ‘माल’ होते आणि दहावा बाइट अर्धवट तुटलेल्या चिन्हाचा राहतो. त्या तुकड्यावर पोस्टग्रेस ‘इनव्हॅलिड बाइट सिक्वेन्स’ म्हणून थांबू शकतो. मजकुराच्या रकान्याची मर्यादा २५४ बाइट, म्हणजे देवनागरीत ८४ चिन्हे. नवी पेठेतल्या एखाद्या दुकानाचा मजला, इमारत, चौक आणि खूण यांसह लिहिलेला पत्ता त्यात सहज कापला जातो. रकान्यांची नावे रोमन लिपीत आणि आखूड ठेवावीत, मराठी नावे नकाशात दाखवताना द्यावीत. त्याहून चांगले म्हणजे मराठी मजकुरासाठी शेपफाइल सोडून द्यावी.

एक्सेलमधून सीएसव्ही करताना साधा ‘सीएसव्ही’ पर्याय निवडला की देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. ती फाइल पुन्हा सुधारता येत नाही, मूळ एक्सेल फाइलच पुन्हा ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून जपावी लागते. याहून अवघड आहे श्रीलिपी, कृतीदेव, सुरेख अशा फॉन्टांत टाइप केलेला जुना मजकूर. तो कॉम्प्युटरच्या दृष्टीने मराठी नसतोच, रोमन अक्षरे आणि चिन्हांचा ढीग असतो, फॉन्ट लावला की मराठी दिसतो. तो डेटाबेसमध्ये एकही एरर न देता जातो आणि नकाशावर अगम्य अक्षरे उमटतात. इम्पोर्टच्या आधी रूपांतर करणे आणि जोडाक्षरे, रफार डोळ्यांनी तपासणे याला पर्याय नाही.

युनिकोडमध्येही सगळे सुरळीत नसते. ‘कऱ्हाड’ मधला अर्धा ऱ दोन-तीन प्रकारे टाइप होतो. कधी ऱ हे स्वतंत्र चिन्ह वापरून, कधी साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द वाटतात, आणि दोन याद्या जोडताना नोंदी गळतात. पोस्टग्रेस १३ पासून युनिकोडची रूपे एकसारखी करण्याची सोय आहे. तिने बरेचसे सुधारते, पण अदृश्य जोडचिन्हाचे रूप वेगळे बदलावे लागते. आणि एकट्या नवी पेठेचे लेखन पाहा: नवी पेठ, नवीपेठ, नवि पेठ, न. पेठ, शिवाय रोमन लिपीतले प्रकार. सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. एकच आडनाव घरपट्टीच्या यादीत एका रूपात आणि परवान्याच्या यादीत दुसऱ्या रूपात असणे इथे स्वाभाविक आहे. म्हणून नावावरून याद्या जोडू नयेत, क्रमांकावरून जोडाव्यात, हा माझा आग्रह.

पण क्रमांकही सुरक्षित नाहीत. सर्व्हे नंबर आणि हिस्सा आपण 12/3 असा लिहितो. सीएसव्ही नुसती एक्सेलमध्ये उघडली की त्याची १२ मार्च ही तारीख होते. फाइल तशीच जपली की मूळ क्रमांक गेला. हा त्रास जगभर आहे. माणसाच्या काही जनुकांची नावे एक्सेल मार्च आणि सप्टेंबरच्या तारखांत बदलत होते, म्हणून नामकरण समितीने ती नावेच बदलली आणि २०२० मध्ये नवे नियम जाहीर केले. आपल्याला हिस्सा नंबर बदलता येणार नाहीत, एक्सेल दूर ठेवता येईल. महावितरणचा ग्राहक क्रमांक बारा अंकी असतो. तोही एक्सेल घातांकाच्या रूपात आखडून दाखवते, तसाच सीएसव्हीत उतरवते आणि शेवटचे अंक कायमचे जातात. उलट ‘५’ किंवा ‘१२’ असे देवनागरी अंक पूर्णांकाच्या रकान्यात भरायला गेले की पोस्टग्रेस ते अंक मानत नाही आणि एरर देतो. यातला शेवटचा प्रकार मला सर्वांत कमी धोक्याचा वाटतो, कारण तो थांबवतो.

न थांबवणाऱ्या चुकांचे सर्वांत मोठे उदाहरण इंग्लंडमधले. २०२० मध्ये २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ करोनाबाधित रोजच्या आकडेवारीतून गळाले. जुन्या एक्सेल फाइलीला ६५,५३६ ओळींची मर्यादा असते, त्यापुढच्या ओळी सुटल्या. त्यांच्या संपर्कातल्या लोकांना कळवायला उशीर झाला. आपल्याकडे इम्पोर्टसाठी ओजीआर२ओजीआर ही आज्ञा वापरणारे ‘स्किप फेल्युअर्स’ हा पर्याय सर्रास लावतात. तो अडलेल्या नोंदी सोडून पुढे जातो. कोणत्या नोंदी का अडल्या हे शोधण्यासाठी तो एकदा वापरावा, काम उरकण्यासाठी नाही.

अक्षांश-रेखांशाची अदलाबदल हीदेखील अशीच बिनबोभाट होते. सोलापूर सुमारे १७.६६ उत्तर आणि ७५.९१ पूर्व. रकाने उलटे दिले की ठिपके आर्क्टिक समुद्रात, स्वालबार्ड बेटांच्या दक्षिणेला जातात. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ते वैध आहे, समुद्रही पृथ्वीवरच आहे. मीटरमधल्या यूटीएम पद्धतीत सोलापूरचा पूर्वेचा आकडा सहा लाखांच्या थोडा खाली आणि उत्तरेचा साडेएकोणीस लाखांच्या आसपास येतो. ते अंश समजून वाचले की नकाशा कोराच दिसतो आणि ‘डेटा आलाच नाही’ असा गैरसमज होतो. महाराष्ट्र यूटीएमच्या दोन पट्ट्यांत विभागलेला आहे. सीमा ७८ अंश पूर्व रेखांशावर. सोलापूर, पुणे, अमरावती ४३ व्या पट्ट्यात, वर्धा आणि नागपूर ४४ व्या. नागपुरात तयार केलेला साचा इथे तसाच लावला की पोस्टजीआयएस ‘एसआरआयडी’, म्हणजे निर्देशांक-पद्धतीचा क्रमांक, जुळत नाही म्हणतो. तो तसे म्हणाला तर बरेच. तो क्रमांक नुसता हाताने बदलून त्याला गप्प केले तर सगळ्या मिळकती सरकलेल्या जागी बसतात.

यावर मला पटलेली रीत अशी. बाहेरून आलेली यादी थेट अंतिम टेबलात घालूच नये. आधी एक कच्चे टेबल करावे, त्यात सगळे रकाने मजकुराचे ठेवावेत, कशावरही बंधन नको. तिथे यादी जशीच्या तशी पूर्ण उतरते, आणि परवानगीचा प्रश्न व माहितीचा प्रश्न एकमेकांपासून वेगळे होतात. मग देवनागरी अंक, तारखा, क्रमांक, निर्देशांक एकेक करून तपासून पुढच्या टेबलात न्यावेत. वेळ जास्त लागतो, पण कोणती नोंद कुठे अडली हे दाखवता येते.

बाजारपेठेचा एक प्रश्न मात्र कोणत्याही इम्पोर्टने सुटत नाही. सिटी सर्व्हेचा एक क्रमांक, त्यावर दहा गाळे, प्रत्येकाचे घरपट्टी खाते वेगळे, भोगवटादार वेगळे. नकाशावर एक आकृती आणि यादीत दहा ओळी. जोड लावताना सॉफ्टवेअर एकतर पहिली ओळ घेते आणि नऊ सोडते, किंवा एकाच जागी दहा आकृत्या एकावर एक रचते. पहिल्या प्रकारात थकबाकीची बेरीज कमी येते, दुसऱ्यात क्षेत्रफळ दहापट. केंद्राचा १४ अक्षरी भू-आधार क्रमांक जमिनीच्या तुकड्याला मिळतो, वरच्या मजल्यावरच्या गाळ्याला नाही. त्यामुळे जमीन, इमारत आणि गाळा अशी तीन टेबले वेगळी ठेवून त्यांना क्रमांकांनी जोडणे हाच सध्या मार्ग आहे.

इम्पोर्ट झाल्यावर चार आकडे जुळवावेत: मूळ यादीतल्या ओळी आणि टेबलातल्या ओळी, मूळ यादीतली कराची बेरीज आणि टेबलातली बेरीज, शहराच्या हद्दीबाहेर पडलेले ठिपके, आणि कोणत्याच आकृतीशी न जुळलेल्या नोंदी. ती चौथी यादी छापून त्या पेठेत वर्षानुवर्षे वसुलीला फिरणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हाती द्यावी. कोणता गाळा कोणत्या इमारतीत गेला, कोणत्या दुकानाचे नाव बदलले, कोणती मिळकत पाडून नवी उभी राहिली हे त्याला माहीत असते. त्याने पेनाने केलेल्या दुरुस्त्या कोणी, कधी केल्या या नोंदीसह टेबलात जाव्यात, आणि त्या भरण्यासाठी त्याच्या नावाचे वेगळे लॉगिन असावे.